दौलतीचा हबशी वजीर

ओझरचे नाव घेतले की आज विमानांचा कारखाना आठवतो. मिग जातीची लढाऊ विमाने जेथे उभी राहिली ते हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकच्या ईशान्येस आहे. परंतु युद्धाचे तंत्र बदलताना ह्या परिसराने पाहिले ते काही विसाव्या शतकात प्रथमच नव्हे. १६११-१२ च्या सुमारास गुजरातचा मोगल सुभेदार अब्दुल्लाखान मोठी फौज घेऊन त्र्यंबक-नाशिकच्या वाटेने दौलताबादेच्या रोखाने निघाला. वऱ्हाड-खानदेशाकडून दुसरी मोगल फौज यावयाची आणि दोहोंनी मिळून निजामशाहीला चिमट्यात धरावयाचे, असा बेत होता. अब्दुल्लाखानास मात्र यशाचा वाटा दुसऱ्या कोणास द्यावयाचा नव्हता. तो एकटाच पुढे सरकला. दौलताबाद जवळ येऊ लागले तसतसे हलक्या घोड्यांवरचे स्वार त्याच्या सैन्याभोवती घिरट्या घालू लागले. समोर उभे राहून लढाई द्यावयास कोणी तयार नव्हते. पण मागे राहिलेला बैल, वाट चुकलेली तुकडी, चाऱ्यासाठी बाहेर पडलेले लोक ह्यांपैकी काहीच सुरक्षित उरले नाही. रात्री छावणीवर अग्निबाणांचा वर्षाव होई. दुसऱ्या फौजेचा पत्ता नाही, रसद तुटलेली. अखेर खानाने पाठ फिरविली. परतीच्या वाटेवर अली मर्दान बहादूर हा त्याचा नामांकित सरदार जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, आणि उरलेली फौज बागलाणातून कशीबशी गुजरातेत पोहोचली. नाशिक आणि बागलाण ह्यांच्या मधल्या पट्ट्यातच आजचे ओझर येते.

त्या स्वारांच्या सेनापतीने तेव्हा साठी ओलांडली होती. जन्माने तो अबिसीनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणी विकला गेलेला आणि पुन्हा पुन्हा विकला गेलेला हा गुलाम निजामशाहीचा कर्ता-करविता झाला होता. मलिक अंबर हे त्याचे नाव. १६२६ सालच्या मे महिन्यात त्याचा अंत झाला. २०२६ मध्ये त्या घटनेला चारशे वर्षे पुरी होतात.

महाराष्ट्रात मलिक अंबर अगदीच विस्मृतीत गेला आहे असे म्हणता येणार नाही. शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो. परंतु तो ठाऊक असतो एका प्रस्तावनेपुरता. गनिमी काव्याचा आरंभ त्याने केला, शहाजीराजे त्याच्या हाताखाली तयार झाले, आणि मग पुढच्या पानावर शिवनेरी येतो. परक्याच्या लेखनात त्याची प्रतिमा ह्याहून वेगळी आहे. तेथे तो आशिया खंडात मोठ्या पदाला पोहोचलेल्या आफ्रिकी माणसाचे ठळक उदाहरण ठरतो. दोन्ही चित्रे खोटी नाहीत. पण दोहोंतही जो माणूस गावच्या काळीची प्रत ठरवून तिच्यावर किती सारा बसवावा ह्याचा हिशेब करीत होता तो मागे पडतो. मराठी खेड्याने त्याला लक्षात ठेवले ते मात्र त्याच हिशेबासाठी.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास झाला. चापू असे त्याचे मूळ नाव सांगितले जाते. दारिद्र्यामुळे आईबापांनी विकले की कोणी पळवून नेले, ह्याविषयी मतभेद आहेत, परिणाम एकच. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात तो विकला गेला, तेथून बगदादकडे गेला. मीर कासीम नावाच्या मालकाने त्याची हुशारी पाहून त्याला शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. मराठी कानाला अंबर म्हणजे आकाश. अरबीत मात्र ते एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव आहे. गुलामांना अशी द्रव्यांची आणि रत्नांची नावे देण्याची त्या काळी रीत होती. विकत घेतलेल्या वस्तूला शोभेल असेच नाव!

ह्याच अरबी समुद्रावरून माणसांचा हा व्यापार पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. नाशिककरांना त्याची एक खूण घराजवळच सापडते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले नाशिकच्या शरणपूर येथील मिशनच्या वसतिस्थानात आणली जात. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या प्रवासासाठी तेथील नऊ तरुण बरोबर घेऊन गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याच्या शवपेटीबरोबर चाललेला जेकब वेनराइट हाही नाशिकला शिकलेला होता. सोळाव्या शतकातल्या मुलांना सोडविणारे कोणी नव्हते. त्यांच्यापैकी अनेक जण दख्खनच्या सुलतानांकडे येत, आणि येथे त्यांच्याकडून अपेक्षा असे ती तलवारीची.

दख्खनच्या दरबारात परदेशी आणि दख्खनी अशी दोन तटांची जुनी चुरस होती. इराण-तुराणातून आलेले उमराव आपल्या कुळाचा, भाषेचा आणि नातलगांचा तोरा मिरवीत. हबशी गुलामाला ह्यांपैकी काहीच नव्हते. परत जावयास गाव नाही, पाठीशी भाऊबंद नाहीत. म्हणून त्याची निष्ठा धन्याशी, आणि धन्यानंतर ह्या भूमीशी. हबशी दख्खनी पक्षाला मिळाले ते ह्यामुळे. अंबरला ज्याने विकत घेतले तो निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःच हबशी आणि पूर्वाश्रमीचा गुलाम होता. राज्यकारभाराचे धडे अंबरने गिरविले ते त्याच्या पदरी. १५७५ च्या सुमारास चंगीझखान वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मुक्त झालेला गुलाम म्हणजे बेकार शिपाई. पुढची वीस वर्षे तो विजापूर, गोवळकोंडा अशी चाकरी शोधीत फिरला. मलिक ही पदवी त्याला विजापुरात मिळाली. १५९५ च्या सुमारास तो अहमदनगरास परतला तेव्हा अभंगखान ह्या हबशी सरदाराच्या हाताखाली जेमतेम दीडशे स्वारांचा नायक होता. वय सत्तेचाळीस. त्या काळच्या मानाने हे उतारवयच, आणि येथवर त्याने इतिहासात नोंद व्हावी असे काहीच केलेले नव्हते.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला, चांदबिबी मारली गेली, बहादूर निजामशाह कैद होऊन ग्वाल्हेरीस गेला. अकबराच्या दफ्तरात निजामशाही संपली. अंबरने परांड्याला राजघराण्यातील एका तरुणास दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः वजीर झाला. राजधानी परांड्याहून हलली ती जुन्नर, मग दौलताबाद-खडकी अशी फिरत राहिली. मोगलांखेरीज दुसरा शत्रू घरातच होता. राजू दख्खनी ह्या सरदाराच्या ताब्यात दौलताबादेपासून गुजरातच्या सीमेपर्यंतचा, म्हणजे नाशिककडचा मुलूख होता. दोघेही एकाच शहाचे नाव घेऊन एकमेकांशी लढत. १६०७ च्या सुमारास अंबरने राजूचा बंदोबस्त केला आणि तेव्हा कोठे हे राज्य एका हाती आले.

ह्या सत्तेला एक काळा डाग आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. १६१० साली मुर्तजा निजामशाहाच्या इराणी वंशाच्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले, आणि प्रत्यक्ष अंबरविषयीही अपशब्द काढले, असे समकालीन वृत्तांतात आहे. त्यानंतर शहा आणि ती राणी दोघेही विषप्रयोगाने मेले. त्यांच्या जागी पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसविण्यात आले. राजकारणातील सोय म्हणून हे कृत्य समजावून देता येते. तरी त्यामागे चाळीस वर्षे साचलेला अपमान नव्हता असे कोण म्हणेल? वजीर झाला, राजाचा सासरा झाला, तरी दरबारातील एका वाक्याने त्याला पुन्हा मोख्याच्या बाजारात नेऊन उभे केले. आणखी एक गोष्ट. अंबरच्या सैन्यातही हबशी गुलाम होते. ज्या प्रथेने त्याला घर तोडून येथे आणले ती प्रथा मोडण्याचा विचार त्याने केलेला दिसत नाही. आपल्या काळाच्या चौकटीतच तो मोठा झाला.

मोगलांना तो वीस वर्षांहून अधिक काळ पुरून उरला. त्याच्याजवळ मोगलांइतका पैसा नव्हता, तोफखाना नव्हता, माणसेही नव्हती. होते ते डोंगर, घाट आणि ते घाट पायाखाली असलेले मराठे बारगीर. चपळ घोडी, अंगावर थोडे सामान, रोजची चाल लांब आणि मोठी लढाई टाळावयाची. ही पद्धत एकट्या अंबरने शून्यातून निर्माण केली असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मराठे स्वार अशी लढाई त्याच्या आधीही जाणत होते. एका राज्याच्या सबंध संरक्षणाचा पाया म्हणून तिची मांडणी त्याने केली, हे त्याचे कर्तृत्व. जाधव, भोसले अशी घराणी त्या काळात पुढे आली ती उगाच नव्हे. अर्थात हे सरदार त्याच्याशी नेहमीच एकनिष्ठ राहिले असेही नाही. लखुजी जाधवराव मोगलांना मिळाले, आणि १६१६ साली रोशनगावच्या लढाईत अंबरचा मोठा पराभव झाला. मोगलांनी खडकी जाळली. १६१७ आणि १६२१ साली शहाजादा खुर्रमपुढे, म्हणजे भावी शाहजहानपुढे, त्याला तह करावे लागले, मुलूख परत द्यावा लागला. दोन्ही वेळा तो वाकला आणि दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला.

जहांगीर बादशहा आणि अंबर ह्यांची प्रत्यक्ष गाठ कधी पडली नाही. तरी ह्या माणसाने बादशहाच्या मनाचा केवढा भाग व्यापला होता ह्याचा पुरावा एका चित्रात आहे. अबुल हसन ह्या दरबारी चित्रकाराने १६१६ च्या सुमारास ते काढले. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर बाण मारीत आहे. हे कधीच घडले नाही. अंबर त्यानंतर दहा वर्षे जगला आणि बिछान्यात मेला. आपल्या आत्मवृत्तात जहांगीरने अंबरचे नाव बहुधा शिवीवाचून घेतलेले नाही, आणि त्या शिव्यांचा रोख पुष्कळदा त्याच्या काळ्या वर्णावर आहे. जगातील त्या वेळच्या सर्वांत श्रीमंत बादशहाला रणात जे साधले नाही ते कागदावर करून घ्यावे लागले.

१६२४ साली भातवडीला जे घडले ते तर मोगलांच्या आणि विजापूरकरांच्या दोघांच्याही जिव्हारी लागले. अहमदनगरपासून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपासून, थोड्याच अंतरावर हे गाव आहे. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र येऊन अंबरच्या पाठीस लागल्या होत्या. अंबर माघार घेत भातवडीपर्यंत आला, तेथील तलाव त्याने फोडला आणि शत्रूच्या वाटेत चिखल माजविला. पाऊस, उपासमार आणि रोजचे छापे ह्यांनी खचलेल्या त्या सैन्यावर मग त्याने झडप घातली. आदिलशाहीचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, अनेक नामांकित सरदार कैद झाले. शहाजीराजे ह्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. पुढे शिवभारत रचताना कवींद्र परमानंदाने ह्या लढाईला जागा दिली आणि अंबरच्या पराक्रमाचा उल्लेख आदराने केला, ही गोष्ट अंबरला परका समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विजयानंतर मात्र दोघांत बेबनाव होऊन शहाजीराजे विजापूरकडे गेले. अंबरचा स्वभाव उतारवयात कोणाची बरोबरी सहन करणारा राहिला नव्हता, असे दिसते.

लढाया ह्या इतिहासाच्या पुस्तकांतील वाचनीय भाग होत. परंतु वीस वर्षे लढावयाचे तर घोड्याला दाणा आणि शिपायाला पगार कोठून येतो, हा प्रश्न कारकुनाच्या बुद्धीला सुचणारा आहे आणि तोच खरा प्रश्न आहे. अंबरपूर्वी सारावसुली बहुतांशी मक्त्याने चाले. परगण्याचा मक्ता जो घेई तो सरकारात ठरीव रक्कम भरी आणि रयतेकडून सापडेल तेवढे पिळून काढी. युद्धाच्या धामधुमीत ह्या मक्तेदारांना आवरणारे कोणी नव्हते. गावे ओस पडत. अंबरने मक्त्याची पद्धत बंद केली. जमिनीचे प्रतीप्रमाणे वर्ग पाडले, पिकाचा अंदाज एका वर्षावरून न घेता काही वर्षांच्या सरासरीवरून घेतला, आणि त्यावर आकार बसविला. प्रथम हा भाग धान्यरूपाने, उत्पन्नाच्या सुमारे दोन पंचमांश इतका होता. पुढे त्याचे रोकडीत रूपांतर झाले तेव्हा तो सुमारे एक तृतीयांशाच्या किमतीवर आला, असे इंग्रज इतिहासकारांनी नोंदविले आहे. आजच्या शेतकऱ्याला हा दर जबर वाटेल आणि तो जबर होताच. फरक एवढाच की तो आधी ठाऊक असे आणि पिकाबरोबर खालीवर होई. वसुली गावच्या पाटलामार्फत, हिशेब ब्राह्मण कारकुनांकडे, त्यावर देखरेख मुसलमान अंमलदारांची. पाटलाचे वतन आणि मिरासदाराचा जमिनीवरील हक्क त्याने मान्य केला. जमीन आपली आहे असे वाटल्यावाचून कोणी विहीर खणीत नाही, बांध घालीत नाही. हे तत्त्व त्याला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

तोडरमल्लाशी त्याची तुलना नेहमी केली जाते. ती योग्य आहे. पण तोडरमल्लामागे अकबराचे स्थिर साम्राज्य होते. अंबरने हे काम केले ते राजधानी जळत असताना आणि अर्धा मुलूख शत्रूच्या हाती असताना. १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी जहाज फुटल्यामुळे सुरतेहून मछलीपट्टणला खुष्कीच्या मार्गाने निघाला होता. वाटेत तो अंबरच्या छावणीत आला. त्याने लिहून ठेवलेल्या हकिकतीत अंबरच्या कडक शिस्तीची आणि त्याच्या राज्यातील रस्त्यांच्या सुरक्षिततेची वाखाणणी आहे. मोगलांशी युद्ध चालू असतानाची ही साक्ष, आणि तीही बरोबर माल घेऊन चाललेल्या परक्या व्यापाऱ्याची. दरबारी भाटाच्या स्तुतीहून तिचे वजन अधिक आहे.

खडकीचे शहर त्याने १६१० साली वसविले. तेथील भडकल दरवाजा १६१२ चा. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून तो उभारला असे मानतात, आणि त्या विजयाचा संबंध अब्दुल्लाखानाच्या नाशिककडच्या स्वारीशी जुळतो. परंतु दरवाजापेक्षा जमिनीखाली त्याने जे बांधले ते अधिक मोलाचे. खडकीच्या पठारावर मोठी नदी नाही. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भुयारी नळांतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची नहर-ए-अंबरी त्याने बांधली. वाटेत ठिकठिकाणी हवा आणि दाब सुटण्यासाठी मनोरे, मग वाटपाचे हौद. अशी योजना फसणार अशी थट्टा दरबारात झाली होती, असे सांगतात. ती कित्येक पिढ्या चालली. (प्रवासी पाणचक्की पाहून तीच अंबरची नहर समजतात, पाणचक्कीचे काम अठराव्या शतकातले आहे.) पाणी मोजून घ्यावे आणि मोजून द्यावे ही शहाणीव ह्या भागात नवी नाही. ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी १९९० नंतर वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था स्थापून मोजमाप आणि वाटप आपल्या हाती घेतले, तेव्हा त्यांनाही प्रथम शंकेखोरांनाच तोंड द्यावे लागले.

अंबर वारला तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. खुलताबादेस त्याने स्वतःसाठी बांधून ठेवलेल्या घुमटात त्याला पुरले. जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे. जहांगीरच्या दरबारातील इतिहासकार मुतमदखान ह्याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात, हुकमतीत आणि कारभारात त्याला तोड नव्हती अशी कबुली दिली, आणि हबशी गुलाम एवढ्या पदाला चढल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही असेही लिहिले. बादशहाच्या शिव्यांनंतर दहा वर्षांनी त्याच्याच लेखणीवाल्याने दिलेली ही पावती होय. मुलगा फत्तेखान मात्र बापाच्या तोडीचा निघाला नाही. त्याने खडकीला फत्तेनगर हे आपले नाव दिले आणि १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न तीन वर्षे केला. १६३६ साली तोही संपला. फत्तेनगराचे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर.

राज्य बुडाले तरी त्याचा सारा बुडाला नाही. पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी लागवड वाढविताना अंबरचीच पद्धत पुढे ठेवली, असे ग्रँट डफने लिहिले आहे. गावोगावच्या दफ्तरांत मलिकंबरी हा शब्द जमाबंदीचे मूळ परिमाण म्हणून रुळला, आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना पाटील-कुलकर्णी जुना आकार सांगू लागले तेव्हा त्यांच्या तोंडी दोनशे वर्षांपूर्वीच्या ह्या हबशी वजिराचे नाव होते. इंग्रजांना ते जुने आणि अशास्त्रीय वाटले. १८२७ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने विलायती अर्थशास्त्राच्या आधारे प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून नवा दर ठरविला. कागदावर तो निर्दोष होता. काही वर्षांतच जमिनी पडीक राहू लागल्या, कुळे घरे सोडून निजामाच्या हद्दीत निघून गेली, आणि सरकारला ती मोजणी रद्द करून इंदापूर तालुक्यापासून पुन्हा आरंभ करावा लागला.